साठ दिवस, वर पाच

पाकीट चुलीत घालू नकोस, ओडील.
आधी तारीख बघ. वरच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या अंगाला.
तिथून साठ दिवस,
आणि टपाल रेंगाळतं हे सरकारलाही ठाऊक आहे
म्हणून वर पाच.
पतपेढीच्या कॅलेंडरवर मोजलं मी:
सेंट जॉन नदीवर बर्फाचा पहिला पापुद्रा धरतो
त्या आठवड्यापर्यंत.
पण तेवढं थांबायचं नाही.

वाच पुन्हा. मोठ्यानं. माझा चष्मा घरी राहिलाय.
‘बटाट्याच्या पट्ट्यावरचं काम तुम्हांला झेपणार नाही, हे मान्य.’
बरं. तेवीस वर्षं, एका ओळीत मान्य.
‘मात्र देशात इतर कामं उपलब्ध आहेत.
उदाहरणार्थ, सुका मेवा निवडणे.’
हस. हसायलाच हवं.
या मॅडावास्कात मेवा कुठे निवडतात
ते कळलं तर मीही अर्ज करीन.

प्रेस्क आइलच्या त्या डॉक्टरकडे तू अकरा मिनिटं होतीस.
मूठ वळा म्हणाला, तू वळलीस.
दाराची मूठ फिरवा म्हणाला, फिरवलीस.
अगं, हात दाखवून अवलक्षण!
नाही म्हणायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही,
शिवाय त्या दिवशी तू लिपस्टिक लावून गेली होतीस.
परत येताना रेमीनं गाडी थांबवली
आणि तू रस्त्याकडेला ओकलीस,
ते त्याच्या कागदावर नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
तुझ्या झाकल्या मुठीची किंमत
त्यांनी शून्य लिहिली.

तेव्हा आता उघड.
वही घेतलीय मी, रेमीची, भूमितीची, अर्धी कोरी.
तू सांग, मी लिहिते.
सकाळी किती वाजता बोटं सुटतात.
प्लोयचं पीठ कोण ढवळतं.
आतल्या कपड्याचा हूक कोण लावतं.
सांग, ओडील. खाली बघून सांग, पण सांग.

तुझा सोळा वर्षांचा मुलगा.
डोळे मिटून, खिडकीकडे तोंड करून.

लिहिलं.

हातच्या काकणाला आरसा कशाला?
खरंय. पण ते ऑफिस काकण बघतच नाही,
आरसा मागतं.
म्हणून बँगोरच्या डॉक्टरणीचं पत्र हवं,
आणि ‘पेशंटला त्रास होतो’ असलं मोघम नको.
किती पौंड, किती मिनिटं,
महिन्यातले किती दिवस अंथरुणात.

मला कसं माहीत?
माझं पाकीट मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.
पाठ मोडली होती, लाज तेवढी ताठ.
जेरारला वाटायचं, उत्तर यायचंय अजून.
साठ गेले, वरचे पाचही गेले,
मग नवा अर्ज, पहिल्या पानापासून,
जणू त्याआधी मला काही दुखतच नव्हतं.
चौदा महिन्यांचे पैसे बुडाले.
जेरारनं बर्फावरची गाडी विकली
आणि काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुन्हा नाही म्हणतील. बहुतेकांना म्हणतात.
मग न्यायाधीशासमोर, वर्षानं, दीड वर्षानं.
वकील आत्ता पैसे मागत नाही,
मिळाले तर त्यातून घेतो.
तिथे लिपस्टिक लाव खुशाल, मला काय.
पण मूठ वळा म्हणाले तर जिथे दुखेल तिथे थांब
आणि म्हण: इथपर्यंत.
पुढे काही बोलू नकोस.

सही तुझीच लागेल, ती मला करता येत नाही.
सावकाश. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे,
तोही पुरावा.
उद्या मी गाडी काढते, आपण स्वतः नेऊन देऊ,
आणि शिक्का उठल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

कॉफी गार झाली तुझी.
नाही, कप मी नाही उचलणार.
तू उचल. दोन्ही हातांनी.
किती वेळ लागतो,
मी घड्याळ बघतेय.