समास

शाळेत पाटकर बाई वहीचं पान दुमडायला लावायच्या,
डावीकडून दोन बोटं.
इथे लिहायचं नाही, हा समास.
ही जागा माझ्या लाल पेनाची.

पस्तीस वर्षं मी तेच करते आहे,
आधी ट्रेसिंग पेपरवर, आता पडद्यावर:
पुढे साडेचार मीटर, बाजूला तीन, मागे तीन.
एक तुटक रेघ.
बडोद्यात तिला मार्जिन म्हणतात.
रेघेच्या आत घर, बाहेर काही नाही.
या 'काही नाही'चा चौरस फुटाला भाव
कारेलीबागेत हल्ली किती,
ते भूपतभाई अमीनांना विचारा.

ते मला विचारायचे, बेन, एवढी हवा सोडायची कुणासाठी?
मी म्हटलं, हवेसाठी.
हसले. चहा मागवला.
रजाचिठ्ठी आली. वापर परवानगीच्या दिवशी
मार्जिन झाडून लख्ख, कुंडीत तुळससुद्धा.
महिन्याभरात पत्रा. दिवाळीला भिंत.
भिंतीला शटर, शटरमागे मोबाईल दुरुस्ती.
मग इम्पॅक्ट फी भरली.
पावती फाटली की अतिक्रमणालाही पत्ता मिळतो.
नकाशावर सही माझी आहे, अजूनही.

नियम वाईट नाहीत, असं मी शेजारच्या कमलाकर फणसेंना
किती वेळा सांगितलं.
फक्त त्यांना मीटर दिसतात.
फणसेंचा ओटला दीड फूट पुढे,
म्हणून बेकायदा.
शाळेतून आलेली समोरच्यांची रुखसार
किल्ली येईपर्यंत तिथे बसून गणितं सोडवायची,
हे कुठल्या कलमात घालू?
बारा मजले मात्र बसतात. रस्ता अठरा मीटर आहे ना.
बारा मजल्यांची सावली दुपारी दीडला
फणसेंच्या गच्चीवर येते, पापडांसकट सगळं गिळते.
सावलीला एफएसआय लागत नाही.

टी.पी. स्कीममध्ये वाकडंतिकडं शेत घेतात,
कापून, चौकोनी करून परत देतात.
आधी मूळखंड, नंतर अंतिमखंड.
शब्द सरकारी आहे, मी नाही रचला.
इथल्या शेताचा वाकडेपणा म्हणजे एक ओहोळ होता.
नकाशात तो सरळ झाला.
पाण्याला कुणी कळवलं नाही.

मग त्या भाद्रपदात विश्वामित्री आली.
आधी समास भरले,
मग पान.

तिसऱ्या सकाळी पाणी उतरलं तेव्हा
आमची इमारत आणि फणसेंची भिंत, यांच्या मध्ये
मगर.
पुढे शटर, मागे जनरेटरची खोली, वळायला जागा नाही.
डोळे उघडे, शांत,
चुकीच्या टेबलापुढे फाईल धरून
उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासारखे.
पोरं आली दोर आणि गोणपाट घेऊन,
ग्राइंडरनं शटर कापलं.
भूपतभाई छत्रीखाली. काही बोलले नाहीत.
पिंजऱ्यात घालण्याआधी एकानं टेप लावली:
तीन मीटर, वर पाच सेंटिमीटर.
सवयीनं माझी मान हलली.
जवळजवळ नियमात बसत होती.

संध्याकाळी चिखल उपसता उपसता फणसे म्हणाले,
समास म्हणजे दोन शब्दांची जोडणी पण, नाही का?
म्हटलं, हो. दोन घरांचीही.
ते म्हणाले, द्वंद्व.
आणि ओटल्यावर बसून
बराच वेळ हसत राहिले, बूट काढायचे विसरून.

शटर पंधरा दिवसांत नवं बसलं.
मी महापालिकेला लिहिलं, स्वतःच्या हातानं, चार पानं:
सदर नकाशावरील माझी सही
मी परत मागते.
पावणेदोन महिन्यांनी गुजरातीत उत्तर आलं.
अर्ज विहित नमुन्यात नाही.
डावीकडे हांसियो सोडलेला नाही.

हांसियो म्हणजे समास.
खाली सही, लाल पेनानं.