वाटा

वर्षातून एकदा मी वेसाव्याच्या मासळी बाजारात जातो,
शिक्का, दोन किलोचं पितळी प्रमाण वजन
आणि सरकारी पावतीपुस्तक घेऊन.
काटे तपासणं हे माझं काम.
काटे असतात. सगळ्यांकडे असतात.
चांगुणाबाईचा काटा ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवलेला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.

ती विकते वाट्यानं.
ओले बोंबील, करंदी, मांदेली,
फळीवर ओंजळीएवढे ढीग,
शंभरला एक,
आणि वर एक मूठ, तिला वाटलं तर.

मी म्हटलं, बाई, कायदा आहे.
तिनं एक वाटा उचलून काट्यावर टाकला.
सहाशे चाळीस.
"बरं," म्हणाली, "आता ही समोर उभी हाय,
हिची सून बालंतीण हाय.
याला कंचं बटण?"

मी हसलो.
मग हसणं जरा आवरलं,
कारण तोवर दुसरंही पाहिलं होतं:
गाडीची काच अर्धीच खाली करून
भाव पाडणाऱ्याच्या पिशवीत
तळाला गेलेली कालची करंदी.
दया आणि दंड एकाच मुठीतून,
पावती कशाचीच नाही.

ऑफिसात म्हणतात, हट्टी लोक, बदलायचे नाहीत.
पण बर्फ आला, घेतला. थर्माकोल घेतला.
जाळी नायलॉनची झाली, बोटीवर जीपीएस चढला,
मोबाईलवर पैसे घ्यायला तर
या बाया माझ्याआधी शिकल्या.
समोरचं माणूस ओळखून माप घालायचं,
एवढ्याच जागेवरून
त्यांनी हात उचलला नाही.

असं मी वीस वर्षं समजत होतो.
छान समज होता. बायकोलाही ऐकवायचो.

यंदा फळीमागे तिची नात बसली होती, निमिषा.
बोटीच्या इंजिनाचा डिप्लोमा, वर्गात पहिली.
काकाच्या बोटीवर जाते म्हणाली,
तर जमातीनं सांगितलं, बाईचा पाय बोटीला नाही.
मी चांगुणाबाईला विचारलं, आणि तुम्ही?
ती करंदीतला कचरा निवडत राहिली.
"माज्या आयेनं मला सांगलं,
तेच मी तिला सांगलं."
बराच वेळ नुसता बर्फ वितळण्याचा आवाज.
मग, कुणी विचारलं नसताना,
"मला बी जायचं व्हतं."

मी शिक्का मारला.
रजिस्टरात लिहिलं: काटा सुस्थितीत.
'वापर' या रकान्यात पेन टेकवलं आणि उचललं.

निमिषानं काटा मांडीवर ओढून घेतला होता.
पारड्यावर तळहात पसरून ठेवायची,
बटण दाबायची: शून्य.
हात उचलायची:
उणे दोनशे दहा.
पुन्हा ठेवायची.
ताडपत्रीचा मोकळा झालेला कोपरा
वाऱ्यावर फडफडत होता,
आणि आजी त्याच्याकडे बघत होती,
उठत नव्हती.