भरलेली, रिकामी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एल्वुड म्हणाला,
वर कोणीतरी आहे.
म्हणाला म्हणजे हवेत बोट उभं केलं,
मग पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: माळा.
रात्री माझी यंत्रं कानांतून काढून
काचेच्या बशीत ठेवलेली असतात,
दोन सोललेल्या काजूंसारखी.
घर तेव्हा माझ्यापुरतं बर्फाखाली.

त्याचे कान आल्टूनाच्या यार्डात घडलेले.
एकतीस वर्षं हातोडी घेऊन
मालगाडीच्या कडेकडेने चालला,
या चाकावर एक ठोका, पुढच्यावर एक.
शाबूत लोखंड गातं,
तडा गेलेलं खोकतं,
एवढंच त्याचं शास्त्र.

तर तो लिहीत गेला,
वीजबिलावर, औषधाच्या पावतीवर:
"उंदीर नाही. उंदीर एका जागी बसून कुरतडतो, कारकुनासारखा.
खार नाही. खार उजाडल्यावर उठते,
तुरुतुरु पळते, अक्रोड घरंगळवते.
हे अंधार पडल्यावर उठतं.
ह्याला वजन आहे.
अनवाणी माणूस परक्या घरात चालेल
तसं चालतं."

हे वाचून मी दाराची कडी पुन्हा पाहून आले.

दोन रात्रींनी: "रॅकून. मादी."
कशावरून?
"बारीक आवाज आहेत. पाखरांसारखे,
पण पाखरं रात्री दोनला बोलत नाहीत.
मग एक घुर्रर्रर्र. आणि सगळं गप्प."
त्या र ला त्याने इतक्या शेपट्या काढल्या
की पाकीट संपलं.
मला तो र माहीत होता.
कान धड होते तेव्हा
मीही तो काढलाय, तीन बाळांवर.

डेल साइप आला, शिडी, पिंजरा आणि भाव घेऊन.
भाव ऐकून माझं डावं यंत्र शिट्टी वाजवू लागलं.
म्हणाला, आईला धरली तर पिल्लं भिंतीत उतरतात.
मग रडणं भिंतीतून येतं.
मग काही दिवसांनी वास.
त्यापेक्षा दिवा लावा, रेडिओ लावा,
कटकट वाढली की ती आपणच बिऱ्हाड हलवेल.
भोक मात्र आत्ता बुजवू नका.

एल्वुडने रेडिओ वर चढवला.
रात्रभर कुठल्याशा हरणाऱ्या संघाची कॉमेंट्री.
समोरच्या मिसेस यिंगलिंगनी विचारलं,
एवढ्या रात्री पाहुणे कोण?

तिसऱ्या रात्री जागरणांनी थकून
तो लाकडासारखा झोपला.
मी उठले. का, सांगता येत नाही.
कपाटाच्या खोलीत स्टुलावर चढून
छताच्या फळीला तळहात लावला.

लग्नाआधी, यार्डाच्या टोकाला,
त्याने माझा हात असाच रुळावर ठेवला होता.
ही भरलेली वाघीण, म्हणाला होता.
आता ही रिकामी.
मला दोन्ही सारख्याच लागल्या होत्या,
आणि मी हो म्हटलं होतं.

फळीत आधी नुसता रेडिओ, मुंग्यांसारखा.
मग ती.
माझ्या तळहातावरून धुराड्याकडे.
पाऊल. थांबणं. पाऊल.
बराच वेळ काही नाही.
मग परत, झपझप, चारी पाय मोकळे.
पुन्हा पाऊल. थांबणं. पाऊल.
जड नव्हती ती.
जपून होती.
एवढंसं पिल्लू, त्याचं वजन ते काय,
पण तोंडात धरलेलं.

चार वेळा जपून, चार वेळा झपझप.
चौथ्यांदा परतली तेव्हा न्यायला काही नव्हतं बहुतेक.
कोपऱ्याकोपऱ्यात गेली.
माझ्या हातावर येऊन उभी राहिली,
अर्ध्या इंचाच्या पाइनपलीकडे.
माझा खांदा भरून आला, तरी मी हात काढला नाही.

सकाळी त्याच्या कॉफीशेजारी बिल ठेवलं:
"चार. गेली. शेवटी एकदा बघून गेली."
एल्वुडने वाचलं, छताकडे पाहिलं,
कानात करंगळी घालून हलवली.
मी तर काहीच ऐकलं नाही, म्हणाला,
थोडा दुखावून.

जाळी आणि खिळे जिन्यात पडून आहेत.
रविवारी ठोकतो म्हणतोय.
हा दुसरा रविवार.