एकोणचाळीसला आठ

हौसेनं घातले तेहतीस इंची टायर.
जीप गुडघ्यांवरून उठून उभी राहिली,
वाडी नाक्यावर पोरांनी तिच्यासोबत फोटो काढले.
आणि उमरेड रोडच्या पहिल्याच चढावर
तिसऱ्या गियरला धाप लागली.

नंदनवार मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही.
"जोडा मोठा घेतला तू,
पाय तं तोच हाये ना बे."

हिंगणा एमआयडीसीत त्यांचं टिनाचं शेड.
जॅकवर मागची दोन्ही चाकं अधांतरी,
टायरवर खडूची एक रेघ, शाफ्टवर एक.
"फिरव. दोन्ही संगच. हळू."
चाकाचा एक फेरा पुरा झाला
तोवर शाफ्ट चारदा फिरला
आणि वर थोडासा.
त्या थोड्याशासाठी मिस्त्रींनी डोळे मिटले.
"सदतीस-नऊ," म्हणाले.
नंतर क्राउन उघडून मोजले दात,
स्वतःचे तीन पडलेल्या माणसानं,
अंगठ्यानं, एकेक,
खरोखरच सदतीस.

मी म्हटलं, मग सगळ्यात खालचा टाका,
त्रेचाळीस-आठ, रेड्यासारखा रेटेल.
त्यांनी हात पुसले. चहा मागवला.
"वर्षातले किती दिवस असतं तू गाऱ्यात?"

बोटांवर मोजले:
कुही, मांढळ, पचखेडीकडचे पडलेले खांब,
तुटलेल्या तारा, आषाढ ते पोळा.
चाळीस. फार तर पन्नास.
"अन् बाकीचे तीनशे? डांबरावर बोंबलत जाशील.
अन् ऐक, काळ्या मातीले नुसता रेटा नाही पुरत.
चाक भिरभिरलं पायजे, गारा फेकला पायजे त्यानं.
लय खाली गेला, तं खाचा भरतात
अन् टायरचा होते गोटा."

एकोणचाळीस-आठ, ठरलं.
पैसे एकाच सेटचे होते.
मागचाच बदला, समोरचा पुढल्या बिलावर, मी म्हटलं.
कधी नव्हे ते मिस्त्री हसायचे थांबले.
"मागचा एक म्हणते, समोरचा दुसरं,
अन् मधात ट्रान्सफर केस फुटते.
मोकळ्या रेतीत चालून जाईल एखाद वेळ.
नाही तं नाही."

मला श्रावण मेश्राम आठवला.
सहा वर्षं एकाच ठेक्यात होतो आम्ही.

दुसऱ्या सेटसाठी कटर मशीन विकली.

जुलैत मांढळच्या पुढे
नहराच्या काठानं जाताना तीच काळी माती,
जी बुटातून पाय काढून घेते.
मागे शिडी, वायरचं भेंडोळं, चार लाइनमन गप्प.
लो रेंज, दुसरा गियर.
जीप थोडी खचली, आडवी झाली,
मग खाचांमधून गाऱ्याचे लपके उडाले
माझ्या खांद्यावर, काचेवर, गणूच्या डब्यावर,
आणि टायरनं खाली काहीतरी टणक शोधलं.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
खांब उभा करायचा होता.

परतीला, रात्री, डांबरावर,
एक गोष्ट लक्षात आली, जी मिस्त्रींनी सांगितली नव्हती.
मोठे टायर घातल्यापासून काटा खोटं बोलत होता,
साठ दाखवायचा तेव्हा मी सत्तरनं असायचो,
सगळीकडे वेळेआधी, आणि का ते न कळता.
आता रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड
आणि काटा, मी तीनदा ताडून पाहिलं,
पुन्हा एकच बोलत होते.

दिघोरी नाक्यावर फोन वाजला.
"निघाली का?"
निघाली, म्हटलं.
"आवाज?"
मी फोन खिडकीबाहेर धरला.