दाराचा दगड

हॉलची चावी माझ्याकडे असते.
लग्नं, मयत, लसीकरण,
आणि आता महिन्यातले दोन शनिवार हे दगड.
फळ्यावर झुकिस्वानं खडूनं लिहिलंय:
प्रवेश फुकट. वयाची अट नाही. चहा आहे.
चहा मी करते, रॉयबॉसचा, लालभडक.
लादी कुणी पुसायची ते फळ्यावर नाही.

कारूत फुकट म्हटलं की माणसं आधी मागे वळून बघतात,
कुणाला म्हणाले म्हणून.
पहिल्या शनिवारी चार पोरं आली आणि एक कुत्रा.
दुसऱ्या शनिवारी अब्राम यांटजीज.
चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या त्यानं,
बोटं अजून कात्रीसारखीच मिटतात.
काखेत गोणपाट, गोणपाटात
घराच्या दाराला लावायचा दगड.

"वारा फार असतो आमच्याकडे,"
माफी मागितल्यासारखा म्हणाला.
"हा जड आहे. आणि याला दात आहेत."

झुकिस्वा बोलता बोलता थांबली.
आधी दात घासायच्या ब्रशनं, मग सुईनं,
मग नुसत्या फुंकरीनं
तिनं दगडाची एक कड मोकळी केली.
दोन सुळे. कासवासारखी चोच.
डायिक्टोडॉन, ती म्हणाली, पंचवीस कोटी वर्षं.
बिळं करून राहायचे.
पूर आला की बिळातच राहून जायचे,
कधी कधी दोघं, अंगाला अंग लावून.
कोटीवर शून्यं सात की आठ
यावरून पोरांची जुंपली.

"दोघंच होते," अब्राम म्हणाला.
"मी अकरा वर्षांचा. मेंढ्या शोधत ओढ्यात उतरलो होतो.
मोठा मालकाला दिला. मालकानं शहरात पाठवला.
तिथं काचेखाली मालकाचं नाव आहे म्हणे.
लहान मी शर्टात लपवला."

किटली भरलेली होती, तरी मी ती भरायला घेतली.

मग माती निघाली, मग प्लास्टर, मग माझ्या लादीचं व्हायचं ते झालं.
झुकिस्वानं जबड्याचा सांधा दाखवला,
स्नायू कुठं धरत असेल ते
स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं.
आम्ही सगळेच दात आवळून गाल चाचपत बसलो,
मीसुद्धा, दाराआड.
"इथवर मला माहीत आहे," ती म्हणाली.
"कातडीचा रंग कुणालाच ठाऊक नाही.
इथून पुढं तुमचा ब्रश."

लेझाननं निळा दिला, शाळेच्या जर्सीचा.
बाबालोनं पट्टे काढले, पाठीवर नऊ नंबर.
कुणीतरी पापण्या काढल्या, लांबच लांब.
अब्रामनं रंगाला हातच लावला नाही.
कोळसा घेतला.
डावा हात हवेत, जनावराची मान धरल्यासारखा,
आणि उजवा कानामागून गळ्याखाली, गळ्याखालून पोटाकडं,
कुठंही न उचलता,
कातडी न कापता लोकर उतरावी तशी एकच रेघ.
कुशीवर झोपलेलं झालं ते.
त्याच्या पाठीशी कागद कोराच ठेवला.

झुकिस्वानं काही विचारलं नाही.
तो चहाला उठल्यावर तिनं कोऱ्या जागेला पट्टी लावून बघितली.
काढलेल्यापेक्षा दोन बोटं जास्त भरली.
मोठा होता ना तो.

संध्याकाळी मी केर काढला.
कुठली भुकटी प्लास्टरची आणि कुठली त्या ओढ्याची,
सुपलीत कळेना.
एरवी मागच्या अंगणात उडवून देते.
त्या रात्री सुपली तशीच कपाटावर ठेवली.
हसू नका.

दगड हॉलच्या खिडकीत राहिला.
खाली कार्ड आहे, लेझानच्या अक्षरात:
सापडला अब्राम यांटजीज यांना.
आडनावाचं स्पेलिंग तिनं दोनदा खोडलंय.

पुढच्या शनिवारी तो तासभर आधीच आला, डोळे तारवटलेले.
"आठवडाभर दार आपटतंय," म्हणाला,
"बायको माझ्याशी बोलत नाही."
हॉलमागं अर्धी वीट पडली होती, ती दिली.
त्यानं ती उन्हात धरली,
उलटी केली,
अंगठ्यानं कडेची धूळ पुसली,
आणि फुंकर मारली.