नोंदींशी जुळत नाही

फ्रेमवर्क गृहीतच धरतं, की माणसाला ईमेल असतो.
वेसाव्याच्या मच्छीमार सोसायटीत एकशे चौदा होड्या
आणि ईमेल एकच, हिशेबनीस जगन टपक्यांचा,
तोही भाच्याने काढून दिलेला,
पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीने.

नारळी पौर्णिमेला अकरा दिवस होते.
होड्या ताडपत्रीखाली किनाऱ्यावर,
आणि मी बर्फाच्या पावत्यांवर लॅपटॉप टेकवून
तयार लॉगिन उपसून काढत होते
गाबोळीला धक्का न लावता पोट साफ करावं तसं.

नवा प्रोव्हायडर लिहिला. ईमेलच्या जागी होडीचा नंबर.
टपके म्हणाले, नंबर कोन सांगतंय? नाव विचार.
नाव विचारलं, तर हिरादेवी तीन निघाल्या :
मांडवी गल्लीतली, डोंगरी गल्लीतली,
आणि एक, जी कधीच विकली गेलीय
पण रजिस्टरला अजून कुणी कळवलेलं नाही.
मग नाव अधिक गल्ली अधिक मोबाइलवर सहा आकडे.
गार्डला सांगितलं, बाबा रे, आता ह्या दारावर उभा राहा.

सेशन दोन तास, असं फाइलीत आधीच लिहून येतं.
दोन तासांत होडी खाडीबाहेर पडून
जेमतेम दिशा धरते.
मी दहा दिवस केले.
पाचदा चुकलं की मिनिटभर कुलूप. ते पंधरा केलं,
मिठानं चिरलेला अंगठा
काचेला पटकन कळत नाही म्हणून.

चाचणीला पहिली आली चांगुणा भानजी.
होडी सागरकन्या, गल्ली मांडवी.
आकडे पाठवले.
तिनं कमरेच्या पिशवीतून दोन फोन काढले.
एक तिचा.
दुसऱ्याच्या काचेला तडा, बॅटरी मात्र पूर्ण भरलेली.
त्यावरचे सहा आकडे तिनं वाचले खणखणीत,
पापलेटचा भाव सांगावा तसे.
पडद्यावर उमटलं : स्वागत, धर्मा भानजी.

टपके पावत्या मोजू लागले,
मोजून झालेल्याच.

धर्मा नाखवा जाऊन दोन वर्षं झाली.
डिझेलचा कोटा त्याच्या नावावर,
वारसाचा अर्ज कुठल्याशा टेबलावर तिसऱ्या सहीसाठी पडून,
आणि ही बाई रोज रात्री
मेलेल्या नवऱ्याचा फोन चार्जिंगला लावते.

तक्त्यात एक रकाना आहे, सक्रिय : हो किंवा नाही.
एका ओळीची अट. मयत असेल तर दार बंद.
मी ती लिहिली. खोडली. परत लिहिली.
होडी बरोबर, गल्ली बरोबर, आकडे बरोबर,
गार्डनं काही चुकवलं नव्हतं.

शेवटी धर्माच्या ओळीला हात लावला नाही.
एका होडीला दोन माणसं जोडता येतील
असा वेगळा तक्ता काढला, त्यात चांगुणाचं नाव, तिचा नंबर.
मंजुरीचा रकाना रिकामा ठेवला.
तो भरणं माझ्या कोडात बसत नाही.

मग राहिला चुकीचा संदेश.
‘दिलेली माहिती आमच्या नोंदींशी जुळत नाही’,
मराठीत आणला तरी तो फौजदारासारखाच बोलत होता.
टपक्यांना विचारलं,
कॉम्प्युटर नव्हता तेव्हा अनोळखी कुणी खिडकीशी आलं
तर काय म्हणायचात?
काय म्हननार, ते म्हणाले,
बाप्याला कोनाचा रं तू, बायकांना कोनाची गो तू.
मंग ती सांगायची.

तेच टाकलं भाषेच्या फाइलीत.
फक्त, जो जुळलाच नाही
तो बाप्या की बाई, हे सिस्टिमला कळायचं कसं?
थोडा वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मी गो ठेवलं.
डिझेलच्या रांगेला बहुतेक बायकाच असतात.