इतर (कृपया नमूद करा)

फॉर्मवर आयटी होतं, बँकिंग, शिक्षण, विमा,
आणि सगळ्यात खाली, इतर (कृपया नमूद करा).
त्यापुढे दीड इंचाची रेघ.
मी लिहिलं, शांतता अभ्यास, एम.ए.
शेवटचा टिंब चौकटीबाहेर पडला.

प्लेसमेंटवाल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं,
"म्हणजे योगा का?"
वसंतमामा म्हणाला, "पोरी, पुण्यात शांतता फुकट मिळते,
दुपारी एकनंतर कुठल्याही दुकानात जा,"
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसला.
खोकला थांबल्यावर मात्र हळूच,
"एमपीएससीला तरी चालतं का गं हे?"

मी सांगत राहिले.
संस्था असतात, मामा. सीमेवरच्या गावांत प्रकल्प असतात.
जिनिव्हात इंटर्नशिप असते, बिनपगारी;
तिथल्या महिन्याच्या खोलीभाड्यात
आमचं कात्रजचं घर वर्षभर चालेल.
कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक. जागा दोन,
रांग जिन्यापर्यंत.
कंपन्यांत एचआर असतं. तिथे तंटा मिटवत नाहीत,
तंटा करणाऱ्याला गोड बोलून लिफ्टपर्यंत सोडतात.

तेही केलं मी. हिंजवडीत, चार महिने.
सातव्या मजल्यावरून खाली,
हातात खोका धरलेल्या माणसांशेजारी,
लिफ्टच्या आरशात न बघता.

आता रविवारी उंड्रीत असते, एका सोसायटीत,
जिथे ए विंग आणि सी विंग
सव्वा वर्ष एकमेकांशी फक्त नोटीसबोर्डावर बोलतात.
कारण टँकर.
कुणाच्या टाकीत आधी पाइप.
सेक्रेटरी ढमढेरे फोनवर म्हणाले होते,
"तुमचं ते भांडणाचं शिक्षण झालंय ना?"
मानधन हजार रुपये, चहा वेगळा.

दोन वर्षांत शिकलेलं सगळं
पहिल्या पाच मिनिटांत संपलं.
उरल्या खुर्च्या.
निळ्या, प्लास्टिकच्या, समोरासमोर दोन रांगांत,
कबड्डीला उभ्या असाव्यात तशा.
मी एकटीच त्या ओढायला लागले,
फरशीवर कर्रकर्र,
वाकडातिकडा गोल होईपर्यंत.
सगळे उभे राहून बघत होते.
मग सी विंगच्या कुलसुमबी पुढे आल्या.
त्यांनी खुर्ची ओढली नाही,
उचलली.
म्हणाल्या, "वर एकशेएकमधलं बाळ झोपलंय."

ए विंगमधलं बाळ कधी झोपतं
हे सी विंगला ठाऊक होतं.
हे इतिवृत्तात कसं लिहायचं
हे कुठल्याच पेपरात नव्हतं.
मी लिहिलं, "खुर्च्या उचलण्यात आल्या."

तंटा मिटलेला नाही.
पुढच्या बैठकीत ढमढेऱ्यांनीच टेबलावर वही आपटली,
आणि माझं मानधन दोनदा थकलंय.
मामाचा फोन येतो. "लागली का कुठे?"
"थोडी थोडी," मी म्हणते.
तो म्हणतो, अशी नोकरी थोडी थोडी लागते का,
ताप आहे का तो?

परवा टँकर आला तेव्हा मी गेटपाशी होते.
ड्रायव्हर इस्माईलने नेहमीसारखी हाक दिली,
"आधी कुणाला सोडू?"
एरवी दोन्हीकडच्या गॅलऱ्या एकदम ओरडतात.
परवा कुणीच ओरडलं नाही.
चार सेकंद. फार तर पाच.
सगळे एकमेकांच्या गॅलरीकडे बघत,
आणि पाइपातून गळणारं पाणी
त्याच्या चपलांवर.

"अहो, बोला की लवकर," तो म्हणाला,
"मला अजून वडाचीवाडीला जायचंय."